राखणदाराचे नाव

मार्च १९४१ मध्ये ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने एक छोटीशी पुस्तिका काढली. आदल्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानदलाशी जी लढाई झाली, तिची हकीकत या पुस्तिकेत होती. पुस्तिका हातोहात खपली. पण ज्या फायटर कमांडने ही लढाई जिंकली, तिच्या प्रमुखाचे, म्हणजे सर ह्यू डाउडिंगचे, नाव त्यात कुठेच नव्हते. प्रमुखाचेच नाव नाही म्हटल्यावर लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या आकाशाची राखण ज्याच्याकडे होती, त्या कीथ पार्कचे कुठून असणार? डाउडिंगला असे वगळल्याबद्दल खुद्द पंतप्रधान चर्चिल चिडला होता. तरी पुस्तिका निघाली होती, वाचलीही गेली होती.

इतिहास जेते लिहितात, हे वाक्य आपण अनेकदा ऐकले आहे. पण जेत्यांच्या घरातही लढणारे हात वेगळे असतात आणि लिहिणारे वेगळे, हे सहसा कोणी सांगत नाही. कीथ पार्कची कहाणी आम्हाला सांगावीशी वाटते ती यासाठी. हा माणूस तसा आमचा कोणी नव्हे. ज्या साम्राज्याची त्याने चाकरी केली, त्याच साम्राज्याच्या जोखडाखाली आमचे आजे-पणजे होते. तरीही त्याच्या कारकिर्दीचा शेवटचा टप्पा आपल्या उंबरठ्याशी, बर्मात, पार पडला आणि तिथे आपली माणसे होती. म्हणून ही कहाणी थोडी आपलीही आहे.

घोड्यावरून विमानात

कीथ रॉडनी पार्कचा जन्म १५ जून १८९२ रोजी न्यूझीलंडमधल्या थेम्स नावाच्या गावी झाला. सोन्याच्या खाणींवर वाढलेले हे गाव. वडील स्कॉटलंडहून आलेले भूगर्भशास्त्रज्ञ. मुलाचे मन मात्र समुद्राकडे ओढ घेई. शिक्षण आटोपल्यावर तो एका जहाज कंपनीत नोकरीला लागला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो तोफखान्यात भरती झाला आणि एप्रिल १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला.

गॅलिपोली हे नाव आमच्या वाचकांना नवे नाही. उस्मानी सल्तनतीची राजधानी घेण्यासाठी इंग्रजांनी केलेली ही मोहीम. समोरच्या टेकड्यांवर तुर्की फौज होती आणि त्या फौजेत मुस्तफा कमाल नावाचा एक अधिकारी होता. इंग्रजांच्या बाजूने हिंदुस्थानी पलटणीही होत्या. कित्येक महिने चिखल, माश्या, हगवण आणि गोळीबार सोसून जानेवारी १९१६ पर्यंत इंग्रजांनी तो किनारा सोडला. हजारो माणसे एका अरुंद पट्टीवर आणून उभी करायची आणि मग ती थोडी थोडी खर्ची पडू द्यायची, असे ते युद्ध होते. पार्कने ते जवळून पाहिले. माणसांच्या खर्चाबद्दलची त्याची पुढची काटकसर इथूनच आली असावी, असे आम्हाला वाटते.

पुढे फ्रान्समध्ये, सोमच्या आघाडीवर, ऑक्टोबर १९१६ मध्ये एका जर्मन तोफगोळ्याने त्याला घोड्यासकट उडवले. तो वाचला, पण घोड्यावर बसण्यास नालायक ठरला. तोफखान्याच्या अधिकाऱ्याला घोडा हवा आणि विमानात घोडा लागत नाही! डिसेंबर १९१६ मध्ये तो उडत्या पथकात दाखल झाला. नशिबाच्या या खोडीने एक वैमानिक घडवला.

जुलै १९१७ मध्ये तो ४८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला. या स्क्वाड्रनकडे ब्रिस्टल फायटर नावाची दोन आसनी विमाने होती. पुढे वैमानिक आणि त्याची मशिनगन, मागे साथीदार आणि त्याची मशिनगन. पार्क येण्याच्या तीन महिने आधी याच स्क्वाड्रनची सहा विमाने एकमेकांना चिकटून, मागच्या बंदुकांवर भरवसा ठेवून उडाली होती. जर्मनीच्या रिश्टहोफेनने आपल्या साथीदारांसह त्यांतली चार पाडली. मग वैमानिकांनी तीच विमाने एकट्याच्या लढाऊ विमानासारखी वळवायला, झेपावायला सुरुवात केली आणि तेच ब्रिस्टल शत्रूला भारी पडू लागले. विमान तेच होते, फक्त वापरण्याची रीत बदलली होती. हा धडा पार्कने आयुष्यभर गाठीशी ठेवला.

ऑगस्ट १९१७ मध्ये मागच्या आसनावर नॉस नावाचा साथीदार असताना एकाच लढतीत या जोडीच्या नावावर अनेक विमाने लागली. युद्ध संपेपर्यंत पार्कच्या नावावर सुमारे वीस विजय जमा झाले. पाच विमाने पाडणाऱ्याला त्या काळी पत्त्यांतल्या एक्क्याची उपमा देत, म्हणजे पार्क चौपट एक्का. १९१८ मध्ये तो त्याच स्क्वाड्रनचा प्रमुख झाला. ‘नावावर’ हा शब्द मात्र आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. त्या काळी ढगात घिरट्या घेत खाली गेलेले विमानही विजय म्हणून मोजले जाई, मग ते जमिनीवर पडलेले कोणी पाहिलेले असो वा नसो. आकाशातल्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे असे आकडे स्वतः मिळवलेल्या माणसाला चांगलेच ठाऊक असते.

वीस मिनिटांचा हिशेब

दोन युद्धांमधली वीस वर्षे आपण भरभर ओलांडू. स्टाफ कॉलेज, इजिप्त, ब्युनोस आयर्सच्या वकिलातीतील नेमणूक, टँगमेअरच्या विमानतळाचे प्रमुखपद, अशा पायऱ्या चढत १९३८ मध्ये पार्क डाउडिंगचा प्रमुख सहायक झाला. या दोघांनी मिळून इंग्लंडच्या हवाई बचावाची घडी बसवली. किनाऱ्यावर रडारचे मनोरे, आतल्या भागात दुर्बिणी घेऊन बसलेले निरीक्षक, त्यांच्या खबरा एके ठिकाणी आणून चाळण्याची व्यवस्था आणि तिथून प्रत्येक विभागाच्या नियंत्रण कक्षाला टेलिफोन. एप्रिल १९४० मध्ये पार्ककडे ११ क्रमांकाचा ग्रुप आला. लंडन आणि आग्नेय इंग्लंड, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यासमोरचा सारा मुलूख, त्याच्या अखत्यारीत होता. महिन्याभरात डंकर्क झाले. तिथे अडकलेल्या फौजेवर विमानांचे छत्र धरण्याचे काम त्याचेच होते. तो स्वतःचे हरिकेन विमान घेऊन त्या किनाऱ्यावर जाऊन आला आणि पुढेही त्याच विमानातून आपल्या तळांवर अचानक उतरत राहिला.

आता हिशेब असा होता. जर्मन विमाने रडारवर दिसल्यापासून इंग्लंडवर येऊन पोहोचेपर्यंत साधारण वीस मिनिटे मिळत. त्यांतली चार-पाच मिनिटे खबर चाळून हुकूम सुटण्यात जात. स्पिटफायरला वीस हजार फुटांवर चढायला पाव तासाच्या आसपास लागे. म्हणजे विचार करायला वेळ उरतच नसे. सगळी विमाने एकदम वर पाठवावीत, तर ती पेट्रोल भरायला खाली उतरतील नेमकी तेव्हा दुसरी लाट येईल. सगळी खाली ठेवावीत, तर जमिनीवरच जळतील. पार्कने मधला मार्ग धरला. एक-दोन स्क्वाड्रन, म्हणजे बारा-चोवीस विमाने, लगेच पुढे पाठवायची. त्यांनी बॉम्बफेकी विमाने गाठायची आणि त्यांचा थवा विस्कटून टाकायचा. मागून दुसऱ्या स्क्वाड्रन सोडायच्या. १९ ऑगस्टला त्याने आपल्या नियंत्रकांना लेखी सूचना दिली. शत्रूचा पाठलाग करीत समुद्रावर दूर जाऊ नका, लढाई जमिनीवर किंवा किनाऱ्याच्या टप्प्यात करा. कारण उघड होते. इंग्लंडच्या शेतात छत्रीने उतरलेला वैमानिक संध्याकाळपर्यंत परत येतो, समुद्रात पडलेला बहुधा बुडतो. विमाने कारखान्यातून येत होती, पण वैमानिक कुठल्याही कारखान्यात तयार होत नव्हते.

आपल्याकडे ज्वारीच्या शेतात माळ्यावर राखणदार उभा असतो. गोफणीने किती पाखरे मेली हे त्याला कोणी विचारत नाही. खळ्यावर दाणा किती आला, एवढेच विचारतात. पार्कची लढाई ही अशी राखणदारी होती. शत्रूची किती विमाने पाडली यापेक्षा आपले विमानदल उद्या सकाळी उभे आहे की नाही, हा त्याचा हिशेब होता. एवढे टिकले तर जर्मनीला समुद्र ओलांडता येणार नव्हता.

ऑगस्टच्या अखेरीस त्याचे तळ मोडकळीला आले. बिगिन हिल, केनली, हॉर्नचर्च यांच्यावर पुन्हा पुन्हा बॉम्ब पडले. टेलिफोनच्या तारा तुटत आणि रातोरात जोडल्या जात. ७ सप्टेंबरला जर्मनांनी तळ सोडून लंडनवर हल्ला चढवला. शहर होरपळले, पण तळांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली. १५ सप्टेंबरला चर्चिल पार्कच्या अक्सब्रिज इथल्या भुयारी कक्षात बसून होता. भिंतीवरच्या दिव्यांवरून दिसत होते की सगळ्या स्क्वाड्रन गुंतल्या आहेत. राखीव किती, असे त्याने विचारले. एकही नाही, असे उत्तर मिळाले. त्या दिवशी १८५ विमाने पाडल्याची घोषणा झाली. युद्धानंतर जर्मन कागदपत्रे तपासली, तेव्हा खरा आकडा साठच्या आसपास निघाला. पण त्या साठांनीच काम केले होते. दोन दिवसांनी हिटलरने स्वारीचा बेत बेमुदत पुढे ढकलला. या चार महिन्यांच्या लढाईत उडालेल्या सुमारे ३,००० जणांपैकी ५४४ जण मारले गेले. त्यांत इंग्रजांबरोबर पोलिश, चेक, न्यूझीलंडचे, कॅनडाचे असे अनेक देशांचे तरुण होते.

मोठ्या थव्याचा मोह

पार्कच्या उत्तरेला १२ क्रमांकाच्या ग्रुपचा प्रमुख होता ट्रॅफर्ड ली-मॅलरी. त्याच्या हाताखाली डग्लस बेडर हा वैमानिक होता. अपघातात दोन्ही पाय गमावून कृत्रिम पायांवर लढणारा, धाडसी आणि तोंडाळ. या दोघांचे म्हणणे असे, की बारा-बारा विमाने पाठवून काय होणार? तीन-चार-पाच स्क्वाड्रनचा एकच मोठा थवा करावा आणि शत्रूवर तुटून पडावे. थवा उडाला की दाव्यांचे आकडेही मोठे येत. एवढ्या विमानांच्या गर्दीत एकच जर्मन विमान दोघा-तिघांच्या हिशेबात जाई, हे कोण तपासणार? शिवाय थवा जमवायला वेळ लागे. पार्कचे तळ राखण्यासाठी बोलावलेली विमाने कधी उशिरा पोहोचत आणि तोवर तळावर बॉम्ब पडून गेलेले असत.

इथे पार्कच्या बाजूने बोलताना आम्ही एक गोष्ट लपवणार नाही. तो मोठ्या थव्याच्या विरुद्ध हट्टाने उभा नव्हता. डंकर्कवर वेळ हाताशी होता तेव्हा त्यानेही अनेक स्क्वाड्रन एकत्र धाडल्या होत्या. १५ सप्टेंबरलाही त्याने जोड्या लावून स्क्वाड्रन पाठवल्या. प्रश्न वेळेचा होता. केम्ब्रिजजवळच्या डक्सफर्डला जो वेळ मिळे, तो केंटमध्ये मिळत नसे. हेही खरे, की पार्क स्वभावाने ताठ होता, स्वतःबद्दल अभिमानी होता आणि वरिष्ठांची मने सांभाळण्याची कला त्याला नव्हती. दरबारात असा माणूस एकटा पडतो.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी हवाई मंत्रालयात बैठक झाली. विषय होता लढाऊ विमानांचे डावपेच. एका स्क्वाड्रनचा प्रमुख असलेला बेडर तिथे हजर होता. पार्कच्या हाताखालचा, रोज लढणारा एकही स्क्वाड्रन प्रमुख बोलावला नव्हता. बैठकीचा कल आधीच ठरला होता म्हणायला हरकत नाही. नोव्हेंबरमध्ये डाउडिंग गेला. डिसेंबरमध्ये पार्कला प्रशिक्षणाच्या कामावर पाठवून त्याच्या खुर्चीवर ली-मॅलरीला बसवण्यात आले.

पुढे जानेवारी १९४१ मध्ये ली-मॅलरीने आदल्या सप्टेंबरमधल्या एका खऱ्या हल्ल्याची नकाशावर पुनरावृत्ती केली आणि आपल्या पद्धतीने विमाने पाठवून पाहिली. थवा जमेपर्यंत तळांवर ‘बॉम्ब’ पडून गेले होते! खरा सप्टेंबर त्याच्या हाती नव्हता, हे लंडनचे नशीब. पण कागदी खेळातल्या हारजितीने खुर्च्या बदलत नाहीत. बेडरवर पुढे पुस्तक आले आणि १९५६ मध्ये चित्रपटही. पायांविना लढणाऱ्या वीराची गोष्ट कोणाला आवडणार नाही? तळघरात बसून स्क्वाड्रन मोजणाऱ्याची गोष्ट पडद्यावर कशी दाखवणार?

माल्टा

जुलै १९४२ मध्ये पार्कला माल्टाला धाडण्यात आले. सिसिलीच्या दक्षिणेला एक चिमुकले बेट. तिथल्या लोकांची भाषा अरबीतून निघालेली, फक्त लिपी रोमन. धर्माने ते कॅथलिक, पण प्रार्थनेत देवाला ‘अल्ला’च म्हणतात. उत्तर आफ्रिकेत रोमेलला जाणारी रसद याच बेटावरून तोडली जाई, म्हणून इटली आणि जर्मनीने त्याच्यावर दोन वर्षे बॉम्ब ओतले होते. बंदर उद्ध्वस्त झाले होते आणि लोक खडकात कोरलेल्या निवाऱ्यांत राहात होते. धान्य मोजून मिळत होते.

तोवर तिथली विमाने आधी बेटाच्या दक्षिणेला जाऊन उंची गाठत आणि मग परत फिरून बेटावर आलेल्या शत्रूशी लढत. लढाई लोकांच्या डोक्यावर होई, बॉम्बही तिथेच पडत. पार्कने दिशा फिरवली. स्पिटफायर आता पुरेशी होती, रडारचे काम सुधारले होते. त्याने विमानांना सरळ उत्तरेकडे, समुद्रावर चढत जाऊन शत्रूला वाटेतच गाठायला सांगितले. थोड्याच आठवड्यांत दिवसाचे हल्ले कमी झाले. ऑक्टोबरमध्ये शत्रूने शेवटचा मोठा जोर केला, तोही मोडून निघाला. इंग्लंडमध्ये ज्याची रीत चुकीची ठरवली होती, त्याच माणसाने तीच रीत दुसऱ्या आकाशात खरी करून दाखवली. त्याच वर्षी त्याला ‘सर’ हा किताब मिळाला.

आपल्या उंबरठ्याशी

१९४४ च्या अखेरीस आग्नेय आशियातील दोस्तांच्या विमानदलांचे प्रमुखपद ली-मॅलरीला मिळाले होते. १४ नोव्हेंबरला तो पत्नीसह निघाला आणि फ्रेंच आल्प्समध्ये विमान कोसळून दोघेही गेले. त्या रिकाम्या जागेवर पार्क आला. ज्याने त्याची खुर्ची घेतली होती, त्याची खुर्ची अशी त्याच्याकडे आली. यात सूड नाही, समाधानही नाही. नियतीचा व्यवहार असाच असतो.

फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याने श्रीलंकेतल्या कँडी इथे सूत्रे घेतली. जनरल स्लिमची चौदावी फौज इरावती ओलांडत होती. ही फौज नावाने ब्रिटिश, पण तिच्यातले बहुतेक सैनिक हिंदुस्थानी होते. पंजाबी मुसलमान, शीख, डोगरे, गुरखे, मद्रासी, मराठे. आदल्या वर्षी मणिपूरमधल्या सांगशाकला मराठा पलटणीने जपान्यांना अनेक दिवस रोखून धरले होते. आता ही फौज जसजशी दक्षिणेला सरकली, तसतसे रस्ते मागे पडले. धान्य, दारूगोळा, पेट्रोल, औषधे, सारे डाकोटा विमानांनी पोहोचवावे लागे आणि जखमींना परतीच्या फेरीत आणावे लागे. मेक्तिलाच्या धावपट्टीवर जपानी तोफांचा मारा चालू असताना विमाने उतरत होती. अमेरिका आपली मालवाहू विमाने चीनकडे वळवणार होती आणि मे महिन्यात पाऊस सुरू होणार होता. पुन्हा एकदा पार्कच्या समोर तोच जुना हिशेब होता: विमाने किती आणि वेळ किती.

२ मे रोजी एक ब्रिटिश वैमानिक रंगूनवर घिरट्या घालत होता. शहरात जपानी दिसेनात, म्हणून तो मिंगलाडॉनच्या खड्डे पडलेल्या धावपट्टीवर उतरला आणि चालत तुरुंगात गेला. जपानी निघून गेल्याचे युद्धकैद्यांनी तुरुंगाच्या छपरावर आधीच लिहून ठेवले होते. फौज पोहोचण्याआधी शहर एका वैमानिकाने ‘घेतले’ होते. दुसऱ्या दिवशी सैन्य आत आले.

बर्माच्या या आघाडीवर हिंदी विमानदलाचे तरुणही उडत होते. त्यांतला अर्जन सिंग पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला, असगर खान पाकिस्तानी हवाई दलाचा. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात ठिणगी पडली, तेव्हा या दोघांनी टेलिफोनवर बोलून आपापली विमाने त्या भांडणाबाहेर ठेवली. तिसरा हैदराबादचा इद्रिस हसन लतीफ. फाळणीत त्याने भारत निवडला, १९७८ ते १९८१ भारतीय हवाई दलाचे नेतृत्व केले आणि १९८२ ते १९८५ तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यपाल होता.

पुतळा

१९४६ च्या अखेरीस पार्क निवृत्त झाला. १९४७ मध्ये ब्रिटिश हवाई दलाचा तेव्हाचा प्रमुख टेडर याने जाहीरपणे म्हटले, की ब्रिटनची लढाई कोणा एका माणसाने जिंकली असेल तर ती पार्कने. पण तोवर लोकांच्या मनातली गोष्ट घट्ट झाली होती. पार्क न्यूझीलंडला परतला, ऑकलंडच्या नगरपालिकेत निवडून गेला, शहराच्या विमानतळासाठी खटपट केली आणि ६ फेब्रुवारी १९७५ रोजी वारला. १५ सप्टेंबर २०१० रोजी, त्या लढाईला सत्तर वर्षे झाली तेव्हा, लंडनच्या वॉटर्लू प्लेसमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. त्यासाठी एका धनिकाने पुढाकार घेऊन मोहीम चालवली होती.

चूक दुरुस्त झाली याचा आम्हाला आनंदच आहे. पण ती दुरुस्त व्हायला कागदपत्रे जपलेली असावी लागली, ती वाचणारे अभ्यासक लागले, पैसा लागला, आवाज लागला. पार्कच्या वाट्याला हे सारे मरणानंतर का होईना आले. रंगूनपासून जवळच तौक्यान इथे एक युद्धस्मारक आहे. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत, अशा जवळजवळ २७,००० सैनिकांची नावे तिथल्या खांबांवर कोरलेली आहेत. त्यांत आपल्याकडची नावे शोधायला कष्ट पडत नाहीत. पण आसाम आणि बंगालमध्ये ज्या धावपट्ट्यांवरून ती डाकोटा विमाने उडाली, त्या धावपट्ट्यांसाठी उन्हापावसात खडी फोडणाऱ्या मजुरांची नावे त्या खांबांवर नाहीत आणि दुसरीकडेही आमच्या पाहण्यात नाहीत. शेत त्यांनीही राखले होते.